मांडवीच्या उत्तर तीरावर : मये व डिचोली महालातील धर्मसमाजांचा एक विचार

गोमंतकातील ख्रिस्ती धर्माचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे ठराविक चित्र उभे राहते : साष्टी किंवा बारदेशातील पांढरीशुभ्र चर्चे, त्यांच्यासमोरील क्रूस, माडांच्या सावलीतील मोठाली घरे. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अर्ध्याच गोव्याचे आहे. मांडवीच्या उत्तर तीरावर, डिचोली महालात मये नावाचे गाव आहे. डोंगरांच्या कुशीतील तलावामुळे ते प्रवाशांना ठाऊक असते. तेथील ग्रामदेवता महामाया. शेजारी नार्वे, मुळगाव, शिरगाव ही गावे, आणि दक्षिणेस, पाण्याच्या पलीकडे, चोडण व दिवाडी ही बेटे. या बेटांवर शतकानुशतके ख्रिस्ती समाज बहुसंख्येने नांदला. अलीकडे, मये व त्याच्या परिसरात, हिंदू समाज बहुसंख्य राहिला आणि ख्रिस्ती समाज अल्पसंख्य. मध्ये आहे ते फक्त होडीने ओलांडण्याएवढे पाणी. एवढ्याशा पाण्याने एवढा फरक कसा पडला, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. त्यांत हिंदू ६६.०८ टक्के, ख्रिस्ती २५.१० टक्के व मुसलमान ८.३३ टक्के होते. तिसवाडी, बारदेश, साष्टी व मुरगाव या चार तालुक्यांना, म्हणजे ज्यांना जुन्या काबिजादी म्हणतात त्या प्रदेशाला, ८,६३,६८४ लोक होते. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे व काणकोण मिळून होणाऱ्या नव्या काबिजादींत ५,९४,८६१. एकट्या डिचोली तालुक्याची लोकसंख्या ९७,९५५ होती. गोव्यातील ख्रिस्ती समाजाचा फार मोठा भाग पहिल्या चार तालुक्यांत आहे. दुसऱ्या सातांत तो सर्वत्र विखुरलेला व अल्पसंख्य आहे. १९६१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एकतृतीयांशाहून अधिक होते, ते पन्नास वर्षांत पावहिश्श्यावर आले. त्याचे कारण धर्मांतर नव्हे. येथील ख्रिस्ती कुटुंबे मुंबईस, आखातात, पोर्तुगालास व इंग्लंडास गेली आणि बाहेरून अन्य लोक गोव्यात आले, हे त्याचे कारण. ते प्रकरण निराळे आहे, त्यात आम्ही शिरत नाही.

जुन्या व नव्या काबिजादींतील हा भेद लोकांच्या श्रद्धेच्या बळाबळावरून समजावून देण्याची एक सवय आहे. उत्तरेकडचे लोक धर्माला अधिक चिकटून राहिले, दक्षिणेकडचे लवकर वाकले, असे एक पक्ष म्हणतो. इकडे प्रभूचा प्रकाश पोहोचला आणि तिकडे पोहोचला नाही, असे दुसरा पक्ष म्हणतो. आमच्या मते दोन्ही स्पष्टीकरणे इतिहासाला सोडून आहेत. खरे उत्तर दोन सनांत आहे. तिसवाडी १५१० मध्ये आणि बारदेश व साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांच्या हाती आली. त्या काळी युरोपातही राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म हे सूत्र सर्वमान्य होते. १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडली गेली, १५६७ मध्ये साष्टीतील. १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात आले. बारदेशात फ्रान्सिस्कन, साष्टीत जेझुइट अशी क्षेत्रांची वाटणी झाली होती, आणि त्यांच्या कार्यामागे राजसत्तेचे कायदे होते. डिचोली मात्र त्या वेळी विजापूरच्या आदिलशहाची होती. पुढे ती शिवाजी महाराजांकडे, नंतर सावंतवाडीच्या भोसल्यांकडे गेली. पोर्तुगिजांनी ती १७८१ मध्ये घेतली आणि १७८८ च्या तहाने पेडणे, डिचोली व सत्तरी कायमची त्यांच्याकडे राहिली.

म्हणजे बारदेश आणि डिचोली या लगतच्या दोन महालांत जवळजवळ अडीच शतकांचे अंतर आहे. या अडीच शतकांत पोर्तुगीज राज्यच पालटले होते. मार्केस द पोंबाल याने १७५९ मध्ये जेझुइटांना हद्दपार केले होते. इन्क्विझिशन १७७४ मध्ये बंद झाले, थोड्याच वर्षांत पुन्हा सुरू झाले, पण त्याचा पूर्वीचा दरारा राहिला नाही, आणि १८१२ मध्ये ते कायमचे गेले. नव्या प्रजेला जिंकून घेतल्यावर तिची देवळे, वतने व चालीरीती राखण्याचे आश्वासन देणे राज्यकर्त्यांना सोयीचे वाटू लागले. एकोणिसाव्या शतकात नव्या काबिजादींतील हिंदूंच्या रूढी व वहिवाटी यांची स्वतंत्र संहिताच सरकारने केली. मये येथील महामायेचे देऊळ गावातच राहिले आणि पलीकडच्या बेटांवरची देवळे राहिली नाहीत, याचे कारण या सनावळीत आहे. भक्तीचे मोजमाप त्यावरून करता येत नाही.

याचा अर्थ डिचोली महाल हा एकाच धर्माचा अखंड प्रदेश होता, असेही नव्हे. कुडणे आणि नार्वे येथे जैन बस्तींचे अवशेष आहेत. डिचोली शहरालगतच्या टेकडीवर नमाजगाह आहे. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला असता, १६८३ च्या सुमारास, ती बांधली गेली असे मानतात. हिंदू राजाच्या आश्रयाला आलेल्या मोगल राजपुत्राची ही खूण आजही तेथे आहे. शहरातील मुसलमान वस्ती त्याही आधीची, आदिलशाही अमलाची आठवण देते. डिचोलीत कृपामातेच्या नावाने चर्च आहे. सीमेवरच्या प्रदेशाचे हे लक्षणच असते : ज्याला एका राज्यात जागा नाही तो दुसऱ्या राज्यात येऊन राहतो, आणि त्याच्यामागून त्याचा देवही येतो.

हे आम्ही अलंकाराने म्हणत नाही. नार्वे येथील सप्तकोटेश्वर हा कदंब राजांचा कुलस्वामी. त्याचे मूळ देऊळ दिवाडी बेटावर होते. चौदाव्या शतकात बहामनी स्वाऱ्यांत ते मोडले. विजयनगरच्या अमलात माधव मंत्र्याने ते पुन्हा उभारले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते पाडले. तेव्हा देवाचे लिंग नदी ओलांडून डिचोलीच्या बाजूस नार्वे येथे आणले गेले. शके १५९० मध्ये, म्हणजे १६६८ साली, शिवाजी महाराजांनी तेथील देवालयाचे काम करविले. त्याचा शिलालेख आजही देवळावर आहे, आणि २०२३ मध्ये त्या देवळाचा जीर्णोद्धार पुरा झाला. नार्वेच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर दिवाडी दिसते. देवाचे जुने घर आणि नवे घर एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात आहेत, असे दृश्य फार थोड्या ठिकाणी असेल.

ही हकीगत गोव्यात सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्याच दिवाडी बेटावरून, त्याच नदीच्या पलीकडे, त्याच डिचोली महालात आश्रयाला आलेल्या दुसऱ्या एका व्यक्तीची हकीगत आमच्या मंडळ्यांतून क्वचितच ऐकू येते. ही व्यक्ती ख्रिस्ती होती. एवढेच नव्हे, तर बिशप होती.

मातेउस द कास्त्रो यांचा जन्म १५९४ च्या सुमारास दिवाडी बेटावर, बाटून ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांना धर्मगुरू व्हावयाचे होते. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना दीक्षा नाकारली. एतद्देशीय माणूस, तोही उच्चपदाची आकांक्षा धरणारा, हे त्या काळच्या गोव्यात खपण्यासारखे नव्हते. तेव्हा हा तरुण खुष्कीच्या मार्गाने रोमला गेला. १६२२ मध्ये पोपनी प्रोपागांदा फिदे नावाचे मंडळ स्थापिले होते. मिशनकार्य राजांच्या हातून काढून घेऊन पोपच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणावे, हा त्यामागील हेतू होता. कारण पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडील चर्चचे पालकत्व, ज्याला पाद्रोआदो म्हणतात ते, पूर्वीच बहाल झालेले होते, आणि बिशप नेमण्यापासून सर्व काही राजाच्या मर्जीने चाले. मातेउस यांना या नव्या मंडळाने हाती धरले. रोममध्ये शिक्षण घेऊन, दीक्षा घेऊन ते गोव्यास परतले. तेथे त्यांची कागदपत्रे मानली गेली नाहीत. ते पुन्हा रोमला गेले. १६३७ मध्ये त्यांचा क्रिसोपोलिसचे बिशप म्हणून अभिषेक झाला व विजापूरच्या राज्यासाठी व्हिकार अपोस्तोलिक, म्हणजे पोपचे प्रत्यक्ष प्रतिनिधी, म्हणून त्यांची नेमणूक झाली. लॅटिन परंपरेतील पहिले भारतीय बिशप म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

हा बिशप राहणार कोठे? गोव्यात त्याला थारा नव्हता. त्याने डिचोली निवडली. गोव्याच्या सीमेला लागून, पण राजाच्या अधिकाराबाहेर; मुसलमान सुलतानाच्या राज्यात. डिचोली, बांदे व वेंगुर्ले येथे त्याने चर्चे उभारली. गोव्यात ज्यांना दीक्षा मिळत नव्हती अशा एतद्देशीय तरुणांना त्याने दीक्षा दिल्या. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्या मानण्यास नकार दिला. सप्तकोटेश्वर आणि मातेउस द कास्त्रो हे दोघेही एकाच राजसत्तेपासून, एकाच बेटावरून, एकाच महालात आले, आणि दोघांनाही आश्रय मिळाला तो परधर्मीयाच्या राज्यात. चर्चच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही दोन नावे एका पानावर येत नाहीत. ती यावीत असे आम्हांस वाटते.

येथे एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. डिचोलीच्या नावाने, १६४० व १६४१ या साली पोर्तुगीज आणि मराठे यांच्यात मोठे युद्ध झाल्याचा एक सविस्तर लेख संगणकावरील एका सुप्रसिद्ध ज्ञानकोशात २००७ पासून २०१२ पर्यंत, पाच वर्षांहून अधिक काळ, होता, आणि चांगला लेख म्हणून त्याचा गौरवही झाला होता. तो साद्यंत बनावट निघाला. त्या साली डिचोली मराठ्यांकडे नव्हतीच, ती आदिलशहाकडे होती, एवढे ज्याला ठाऊक असेल तो फसला नसता. खोटे युद्ध पाच वर्षे टिकले आणि त्याच काळात तेथे खरोखर राहिलेल्या बिशपचे नाव कोणाला ठाऊक नाही, यावर आणखी भाष्य नको. असो.

मातेउस यांचे पुढचे चरित्र मात्र निर्मळ नाही, आणि ते निर्मळ करून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १६५३ मध्ये त्यांनी डिचोलीहून गोव्यातील ख्रिस्ती ब्राह्मणांस उद्देशून एक पत्र लिहिले. ते ‘ब्राह्मणांचा आरसा’ या नावाने ओळखले जाते. त्यात पोर्तुगिजांनी एतद्देशीय धर्मगुरूंवर केलेल्या अन्यायाचा पाढा वाचून, त्यांनी जागे व्हावे असे आवाहन केले होते. पोर्तुगिजांनी त्यांच्यावर आदिलशहाशी व डचांशी संगनमत केल्याचा आरोप ठेवला. १६५४ मध्ये विजापूरच्या फौजा बारदेशात शिरल्या तेव्हा या आरोपाला पुष्टी मिळाली असे त्यांच्या शत्रूंना वाटले. ज्या सत्तेने आपल्याला नाकारले तिच्याविरुद्ध दुसऱ्या सत्तेचे शस्त्र वापरण्याच्या मोहात बिशप सापडला होता, असे दिसते. १६५८ मध्ये ते कायमचे रोमला गेले व १६७७ मध्ये तेथेच मरण पावले.

त्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या तक्रारीने त्यांना देश सोडावा लागला ती तक्रार पुढे सव्वाशे वर्षे जिवंत राहिली. १७६१ मध्ये पोंबालच्या फर्मानाने एतद्देशीय ख्रिस्ती लोकांना पोर्तुगिजांच्या बरोबरीचे हक्क कागदोपत्री मिळाले. तरीही १७८७ मध्ये पिंटोंचा उठाव म्हणून जो कट उघडकीस आला त्याच्या मुळाशी एतद्देशीय धर्मगुरूंना बिशपपद नाकारले जाणे हेच होते. त्या कटातील एक प्रमुख धर्मगुरू जुझे आंतोनियु गोंसाल्विश हेही दिवाडीचेच. कटातील पंधरा जणांना १७८८ मध्ये फासावर चढविण्यात आले. म्हणजे ज्या वर्षी डिचोली पोर्तुगिजांकडे कायमची आली त्याच वर्षी. जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती माणूस बिशपपदाच्या हक्कासाठी मरत होता, आणि नव्या काबिजादींतील हिंदू माणसाला त्याच्या देवळाचे अभय मिळत होते. या दोन गोष्टी एकाच राज्यात, एकाच वर्षी घडत होत्या.

परंतु आमच्या वाचकांना या चरित्रातील आणखी एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. मातेउस यांचा आरसा ब्राह्मणांसाठी होता. एतद्देशीय म्हणजे त्यांच्या दृष्टीने ब्राह्मण. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बामण, चार्दे, सुदिर असे जातींचे भेद राहिले, आणि धर्मगुरुपदाचे दरवाजे फार काळ वरच्या जातींनाच उघडे होते. गोऱ्यांनी काळ्यांना नाकारले याचा संताप व्यक्त करणाऱ्या लेखणीला, आपण खालच्यांना नाकारीत आहोत हे दिसले नाही. महाराष्ट्रातील आमची ख्रिस्तमंडळी मुख्यत्वे अहमदनगर व मराठवाड्यातील दलित वस्त्यांतून उभी राहिली. दिवाडीच्या बिशपला आमचा पूर्वज म्हणून स्वीकारताना या गोष्टीकडे डोळेझाक करणे आम्हांला शक्य नाही. तरीही तो आमचा पूर्वज आहे. चर्च आणि सिंहासन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या किनाऱ्यावर ज्यांनी प्रथम अनुभवले त्यांपैकी तो एक होता. पेत्राने आपल्या पहिल्या पत्रात ज्यांना परके व प्रवासी म्हटले त्यांच्यासारखी मंडळी डिचोलीत होती : राजाचे संरक्षण नसलेली, शेजाऱ्यांच्या सौजन्यावर जगणारी. नदीच्या दक्षिणेस देवळांच्या जागी चर्चे बांधली जात होती, आणि उत्तरेस त्याच विश्वासाचे चर्च सुलतानाच्या परवानगीने उभे होते. मातेउस यांच्यानंतर १६६९ च्या सुमारास कुस्तोदियो द पिन्यो हे व्हिकार अपोस्तोलिक झाले. तेही गोमंतकीयच.

आता भाषेकडे वळू. येथे युरोपातील एका नगराशी तुलना उपयोगी पडेल. हंगेरीच्या आग्नेय सीमेवर ग्युला नावाचे नगर आहे. तेथे मग्यार बहुसंख्य, आणि रुमेनियन लोक अल्पसंख्य आहेत. १९२० च्या त्रियानोंच्या तहाने सीमा सरकली. लोक जागच्या जागी राहिले आणि त्यांच्या अंगावरून देश निघून गेला. तेथे भाषा व पंथ हातात हात घालून चालतात : मग्यार म्हणजे बहुधा कॅथलिक किंवा कॅल्व्हिनपंथी, रुमेनियन म्हणजे ऑर्थोडॉक्स. तेथील रुमेनियन ऑर्थोडॉक्स बिशपपीठ हे अल्पसंख्य समाजाचे केवळ उपासनेचे नव्हे, तर अस्मितेचेही ठिकाण आहे. मये व डिचोली परिसरातही सीमा अशीच लोकांच्या अंगावरून गेली, एकदा नव्हे, अनेकदा. परंतु येथे भाषेने लोकांना विभागले नाही. हिंदूही घरी कोंकणी बोलतो, ख्रिस्तीही कोंकणीच बोलतो. भेद आला तो लिहिण्यात. ख्रिस्ती माणसाने प्रार्थना व पत्रे रोमन लिपीत लिहिली. हिंदू माणसाने कीर्तन, पोथी, हिशेब व शाळा यांसाठी मराठी घेतली. बोलणे एक आणि वाचणे दोन, अशी ही घडण आहे.

यातील खेदाची गोष्ट अशी की मराठीतून ख्रिस्ताची कथा सांगण्याचा आरंभ पलीकडच्या तीरावरच झाला होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी साष्टीत राहून रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. त्याच्या पुढील आवृत्त्या १६४९ व १६५४ मध्ये निघाल्या. शेवटची आवृत्ती निघाली ते वर्ष बारदेशावरील आदिलशाही स्वारीचेच. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने देशी भाषेचा वापर बंद करण्याचे फर्मान काढले, आणि ओवीतून प्रभूचे चरित्र ऐकणाऱ्या मंडळ्या हळूहळू मराठीस मुकल्या. नाही तर नार्वेच्या देवळातील पुराण आणि दिवाडीच्या चर्चमधील पुराण एकाच छंदात ऐकू आले असते. पुढे मराठी हीच हिंदूंची आणि कोंकणी व पोर्तुगीज ख्रिस्ती लोकांची अशी समजूत रूढ झाली, ती १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात उघड झाली. महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश म्हणून राहावे, या प्रश्नावर विलीनीकरणाच्या विरुद्ध १,७२,१९१ व बाजूने १,३८,१७० मते पडली. नव्या काबिजादींतून विलीनीकरणाला मोठा पाठिंबा मिळाला, जुन्या काबिजादींतील ख्रिस्ती मतदारांनी तो नाकारला. नदी पुन्हा एकदा मतपेटीत दिसली. १९८७ मध्ये राजभाषेचा कायदा झाला. देवनागरी लिपीतील कोंकणी राजभाषा ठरली व मराठीच्या वापरालाही मुभा राहिली. रोमन लिपीतून प्रार्थना करणाऱ्यांची तक्रार मात्र तेव्हापासून शिल्लक आहे.

मये गावाच्या बाबतीत एका प्रश्नाने मात्र धर्म व भाषा हे दोन्ही भेद मागे टाकले. तो प्रश्न जमिनीचा. पोर्तुगीज अमलात हे गाव एका उमराव घराण्याच्या मालकीचे झाले. त्या घराण्याला कोंद द मये, म्हणजे मयेचा काउंट, असा किताब होता. जुन्या काबिजादींत गावकऱ्यांची सामायिक मालकी, म्हणजे गावकरी, निदान नावापुरती टिकली. मयेत जे कसत होते व राहत होते ते आपल्या घराच्या जागेचेही मालक नव्हते. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ही मालमत्ता निर्वासितांची मालमत्ता म्हणून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात गेली. त्यासाठी १९६४ चा कायदा होता. देश मुक्त झाला आणि गाव अडकून राहिले. घर दुरुस्त करावयाचे तरी परवानगी, भाऊ वेगळे झाले तरी परवानगी, कर्ज काढावयाचे तर तारणाला कागद नाही. अर्धशतकाहून अधिक काळ हे चालले. गावाने कृती समित्या काढल्या, अर्ज केले, मोर्चे नेले. अखेर २०१४ मध्ये अशा मालक्या, किताब व दाने रद्द करणारा कायदा गोवा विधानसभेने केला, आणि त्यानंतर सनदा देण्याचे काम सुरू झाले. काउंट ख्रिस्ती होता म्हणून ख्रिस्ती कुळाला सूट मिळाली नाही. आमच्या मते ही गोष्ट चर्चच्या इतिहासातच नोंदवावयास हवी. गोव्यातील धर्मांतरांची चर्चा होते तेव्हा देवळे व चर्चे यांच्यापाशी ती थांबते. जमीन कोणाच्या नावावर होती हे विचारले जात नाही. तलावाच्या काठावर फिरावयास येणाऱ्यालाही ते कोणी सांगत नाही.

शेवटी एक लोककथा. ती इतिहास नव्हे, पण इतिहासाने लोकांच्या मनावर काय ठेवले हे तिच्यात दिसते. सात बहिणी व त्यांचा भाऊ खेतोबा या प्रदेशात आले. लईराई शिरगावास राहिली, केळबाई मुळगावास, महामाया मयेत, मोरजाई मोरजीस. रागाच्या भरात लईराईने भावाला लाथाडले. त्याचे प्रायश्चित्त म्हणून ती अग्नीतून चालली, आणि म्हणून शिरगावच्या जत्रेत वैशाख महिन्यात धोंड भक्त निखाऱ्यांवरून चालतात. बहिणींपैकी एक, मीराबाई, म्हापशास गेली व ख्रिस्ती झाली. तीच मिलाग्रिस सायबीण. म्हापशाचे सेंट जेरोमचे चर्च १५९४ मध्ये स्थापन झाले; तेथे ईस्टरनंतर सुमारे पंधरवड्याने भरणाऱ्या मिलाग्रिसच्या फेस्ताला आजही हिंदू लोक मोठ्या संख्येने जातात, आणि देवी व सायबीण यांच्यामध्ये तेल व फुले यांची देवघेव होत असे, असे परंपरा सांगते.

आमच्यापैकी कित्येकांना ही कथा अडचणीची वाटते. प्रभूची माता ही लईराईची बहीण कशी असेल, असा प्रश्न विद्यार्थी वर्गात विचारतात, आणि तो योग्यच आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ही कथा स्वीकारता येत नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. परंतु ही कथा कोणी रचली असेल याचाही विचार व्हावा. बारदेशातून देवळे गेली, शेजारी बाटले, एका कुटुंबाचे दोन धर्म झाले; जे गेले ते पुन्हा एका पंगतीला बसू शकत नव्हते. त्या वियोगाला अर्थ देण्याचे काम चर्चने केले नाही, राज्याने तर नाहीच. ते डिचोलीच्या बाजूच्या बायाबापड्यांनी केले, तेही कोणाला शाप न देता. त्यांच्या कथेत बाटलेली बहीण मेली नाही, तिला घराबाहेरही काढली नाही. ती दुसऱ्या गावी राहावयास गेली, आणि तिच्याकडे सणाला जाणे चालू राहिले. सात बहिणींच्या नावांची यादी गावोगाव थोडी बदलते. एखादीचे नाव गळते, एखादीचे नवे येते. मये, मुळगाव, शिरगाव येथे ती विचारली तर म्हापशाच्या बहिणीचे नाव बहुधा सांगितले जातेच.